अंगठा ताठलाय: हाड तासायचं, की सांधा जोडून टाकायचा?

पायाचा निरोगी अंगठा बुडाच्या सांध्यातून साधारण ६५ ते ७५ अंश वर वळतो. हॅलक्स रिजिडसमध्ये, म्हणजे अंगठा ताठण्याच्या विकारात, त्या सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) झिजते आणि वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा वाढतो. मग दाराखाली खडा अडकावा तसं होतं: अंगठा थोडा वळतो आणि अडतो.

रात्रीतून सांधा लालभडक, गरम होऊन सुजला तर आधी गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) आहे का ते तपासा, तापही असेल तर थांबू नका. अंगठा शेजारच्या बोटावर कलत असेल तर तो बनियन (bunion), म्हणजे अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेला उंचवटा. त्यांचे उपचार वेगळे.

शस्त्रक्रियेआधी बूट बघा. दोन्ही हातांत धरून चवड्याच्या जागी दुमडा. सहज घडी पडली, तर तो बूट पावलागणिक दुखरा सांधा वाकवतोय. कडक, पुढे गोलाई असलेला रॉकर सोल किंवा आत कार्बन फायबरची पट्टी, आणि अंगठ्यावर ऐसपैस जागा. एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही काळ उसंत मिळते, उंचवटा मात्र तिथेच राहतो.

एवढं करूनही भागलं नाही, तर दोन वाटा. कायलेक्टमीत वरचा उंचवटा आणि हाडाच्या डोक्याचा थोडा भाग तासतात. हालचाल राहते, कडक तळाच्या बुटात लगेच पाय टेकता येतो, अंगठा लवकर हलवायला लावतात. झीज मात्र थांबत नाही. काहींना पुढे जोडणी करावीच लागते, आणि ती करता येते. दुसरी वाट ही जोडणी, म्हणजे फ्यूजन: सांध्याची दोन्ही हाडं कायमची जोडतात, ते उलटवता येत नाही. स्क्रू-प्लेट घालून हाडं एकजीव व्हायला सहा-आठ आठवडे, कधी जास्त लागतात. धूम्रपान चालू असेल तर हाड जुळायला अडतं. बदल्यात त्या सांध्याचं दुखणं बहुतेकांचं जातं. चालणं छान होतं, उंच टाचेची चप्पल मात्र विसरायची. कोन चुकून जास्त वर ठेवला तर नख बुटाला घासतं, खाली राहिला तर टोकावर भार येतो.

निवड कशी करायची? एक्स-रेपेक्षा मी बोटाला विचारेन. अंगठा हाताने सावकाश वर-खाली करा. फक्त वर नेताना शेवटी कळ येत असेल आणि बुटाचा वरचा भाग टोचत असेल, तर तासणं पुरेसं ठरण्याची शक्यता चांगली. मधल्या टप्प्यातही करकरून दुखत असेल, तर आतला सांधाच गेलाय. तिथे नुसतं तासून घेणं म्हणजे माझ्या मते दोनदा टेबलावर जायची तयारी.

कृत्रिम सांधाही बसवतात. हालचाल राहते म्हणून मोह होतो, पण तो सैल झाला की काढून शेवटी जोडणीच करावी लागते, आणि तोवर जोडायला हाड कमी उरलेलं असतं.