माशीचे पाय पाहणारे दुकान

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी नेम धरण्यासाठी जो लहानसा उंचवटा असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. जुन्या टारगेट रिव्हॉल्व्हरची, म्हणजे लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरची, माशी कारखान्यातून आलेली आहे की कोणी मागाहून बसवली आहे, हे नेमके सांगणारा माणूस मला कोकणात भेटेल असे वाटले नव्हते. वेंगुर्ले आणि सावंतवाडी यांच्या दरम्यानच्या एका गावात परवानाधारक शस्त्रदुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. तेथे मुख्यत्वे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुका येतात आणि त्यांतही ठासणीच्या अधिक. आजोबांकडून वारशाने आलेले, सहा इंच नळीचे, .३२ बोअरचे स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर घेऊन मी तेथे गेलो, तो केवळ गंज काढून घेण्याच्या इराद्याने. गंजाचा दोष माझाच होता, कारण चार पावसाळे ते कातडी म्यानात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवले होते. किनाऱ्यावरच्या हवेत कातडे ओल धरते आणि म्यानाच्या तळाशी टेकलेली माशी सर्वांत आधी खराब होते.

मूळ परवाना पाहिल्याशिवाय दुकानाच्या मिस्त्रींनी हत्याराला हात लावला नाही. जुने असेल तर कागद कशाला, असे मी सहज म्हणालो, तेव्हा त्यांनी माझा गैरसमज तेथल्या तेथे दूर केला. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधील सवलत हत्यार नुसते पुरातन असल्याने मिळत नाही. ते दुरुस्त करूनही गोळी झाडण्याच्या कामाचे उरलेले नसावे लागते, आणि आमचे रिव्हॉल्व्हर तर उत्तम चालते. सिलिंडर रिकामे असल्याची खात्री त्यांनी स्वतः दोनदा करून घेतली आणि मग ते उत्तरेच्या खिडकीपाशी बसले.

माझी समजूत अशी होती की माशी तिच्या आकारावरून ओळखायची. बारीक दांडीवर गोल मणी दिसला की ती पेन पद्धतीची. १८८० च्या दशकात रंगमंचावर नेमबाजीचे प्रयोग करणाऱ्या आयरा पेन या अमेरिकन नेमबाजाच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिच्या जोडीला मागे, नेम धरताना जिच्यातून माशी पाहायची ती, अर्धगोल खाच असते. वरून सपाट, मागून चौकोनी दिसणारे पाते असले की ते पॅट्रिज. हे नाव १८९० च्या दशकातील ई. ई. पॅट्रिज या नेमबाजाचे असून इंग्रजीतल्या तित्तिर पक्ष्याशी त्याचा काही संबंध नाही, तरीही विक्रीच्या जाहिरातींत स्पेलिंगमध्ये एक जादा आर घालून त्याचा तित्तिर केलेला सर्रास आढळतो. आमच्या रिव्हॉल्व्हरवर चौकोनी पाते होते आणि त्याच्या मागच्या अंगाला सोनेरी मणी जडवलेला होता, म्हणून ती ‘कॉल’ नावाची, सोन्याच्या मण्याची माशी असावी असे मी आधीच ठरवून टाकले होते.

माझे सगळे ऐकून घेतल्यावर मिस्त्री एवढेच म्हणाले, “आदी पाय बघया, तोंड मगे.”

पाय म्हणजे माशी नळीला जेथे धरलेली असते ती जागा. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या टारगेट रिव्हॉल्व्हरवर नळीतूनच उठवलेला एक लहान चौथरा असतो, त्यात खाच पाडून पाते बसवतात आणि आडव्या पिनेने ते अडकवतात, तर साध्या लष्करी किंवा पोलिसी नमुन्यांवर अर्धगोल पाते बहुधा नळीच्याच पोलादाचे असते. तथापि नुसती पीन दिसली म्हणून टारगेट नमुना ठरत नाही, कारण याच कंपनीच्या, नळी खाली मोडून उघडणाऱ्या जुन्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरांचे साधे अर्धगोल पातेही पिनेनेच बसवलेले असे. स्क्रूचेही तसेच आहे. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या वेब्ली मार्क सहा या रिव्हॉल्व्हरची माशी स्क्रूने निघते, पण ते शुद्ध लष्करी हत्यार आहे. उलट कोल्ट कंपनीच्या ऑफिसर्स मॉडेल या टारगेट रिव्हॉल्व्हरवरचा स्क्रू माशी वर-खाली करण्यासाठी असतो आणि डावे-उजवे मागच्या खाचेतून साधायचे असते. म्हणून पिनेबरोबर मागची खाचही पाहावी लागते. आमची खाच स्क्रूने सरकणारी आणि सांगाड्यात नीट बसवलेली निघाली, तेव्हा हत्यार टारगेटचेच याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

मग त्यांनी दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले आणि थोड्या वेळाने ते माझ्या हातात दिले. चौथऱ्याच्या खाचेचा तळ सरळ होता, परंतु पाते त्यावर पुरते टेकलेले नव्हते, आणि नळी उजेडासमोर धरताच फटीतून केसाएवढी प्रकाशरेषा दिसली. पिनेचे एक टोक चौथऱ्याशी सपाट, त्याच निळसर काळ्या रंगात मुरलेले होते, तर दुसरे ठोकून पसरलेले आणि उघडे पांढरे होते. पात्याच्या माथ्यावर कानशीच्या तिरप्या रेघा होत्या. मण्याभोवती तर ताक पितळेच्या भांड्यात राहून कळकावे तसा हिरवट रंग धरला होता, आणि सोने असे कळकत नाही, हे कोणाही सोनाराने सांगितले असते. म्हणजे चौथरा मूळचा आणि माशी मागाहून बसवलेली. अनेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका कारागिराने ‘माशी साफ करून’ दिल्याचे घरात बोलले जाते; त्याने नेमके काय साफ केले, हे आता माझ्या ध्यानात आले.

यानंतर मिस्त्रींनी जे केले त्यासाठी मी तेथे पुन्हा जाईन. त्यांनी पणतीत कापराची वडी पेटवली आणि तिच्या काजळीवरून माशी हलकेच फिरवली. चकाकी घालवण्यासाठी नेमबाज असे करतात हे मी ऐकून होतो, पण काळी झालेली माशी मागून पाहिल्यावर तिचा खरा आकार जसा उमटतो तसा तो उघड्या धातूवर दिसत नाही. पाते वरच्या बाजूला किंचित डावीकडे झुकलेले होते. व्हर्निअरने त्यांनी रुंदी मोजली, ती पावणेतीन मिलिमीटर भरली. इंचाचा दहावा भाग, म्हणजे अडीच मिलिमीटर, किंवा आठवा भाग, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ही नेहमीची मापे असून हे पाते दोहोंच्या मधले होते, तेव्हा हाताने कापलेल्या पट्टीचा संशय आणखी बळावला.

आता उणिवा. दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि फलकावर तसे लिहिलेले नसल्याने पहिली फेरी माझी वाया गेली. तपासणीचे पाचशे रुपये वाजवी असले तरी मागूनही लेखी अहवाल मिळत नाही, त्यामुळे विमा किंवा वाटणीच्या कामी या मताचा उपयोग नाही. त्यांचे ज्ञान हातातले आहे, कागदातले नाही. कंपनीच्या जुन्या नोंदींवरून अनुक्रमांकानुसार हत्यार कोणत्या स्वरूपात कारखान्यातून बाहेर पडले याचे पत्र मिळवता येते, हे मला त्यांनी नव्हे, दुसऱ्याच एका गृहस्थांनी सांगितले. माशीवरच्या हस्तिदंती मण्यांविषयीही मिस्त्री फारसे बोलू शकले नाहीत.

पण पीन बाहेर काढाल का, असे मी विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. गंजात धरलेली पीन ठोकून काढताना मूळ चौथऱ्याचे भोक फाटले, तर या रिव्हॉल्व्हरवर मूळचे म्हणण्यासारखे त्या जागी काहीच राहणार नाही. त्यांनी पिनेवर तेलाचा एक थेंब सोडला आणि दिवाळीनंतर या म्हणाले. हत्यार आता सुती कापडात, म्यानाबाहेर आहे. कापराने काळी झालेली माशी त्यांनी कागदावर टेकवून जो ठसा काढून दिला, तो मी परवान्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला आहे.