मशीन एक नंबर, पण प्लेटवर रंग मारलेला (३ स्टार)

वाडीला आमचं प्लायवूडचं गोडाऊन आहे, आमची गाडी रिपेअरिंगला गेली म्हणून ह्यांच्याकडून ३ टनाची डिझेल फोर्कलिफ्ट ऑपरेटरसकट महिनाभर भाड्यानं घेतली. मशीनबद्दल तक्रार नाही, नागपूरच्या मे महिन्यातही एकदा बंद पडली नाही.

घोळ दुसऱ्याच दिवशी. ८ बाय ४ च्या शीटचा बंडल, २ टनाच्या वरचा, गल्ली अरुंद म्हणून ऑपरेटरनं ४ फुटाच्या बाजूनं फोर्क (माल उचलायचे पुढचे दोन दांडे) घातले, वीतभर उचलला न् मागची चाकं हवेत! स्टेअरिंग मागच्याच चाकांना असते ना, तो फिरवून राहिला न् गाडी ऐकूनच नाही राहिली. वरून आमच्या पोट्ट्यांना म्हणते, मागं बसा बे, वजन होईल. मी बोंबललो तेव्हा माल खाली ठेवला.

कपॅसिटी प्लेट, म्हणजे गाडी किती वजन उचलते ते लिहिलेली पट्टी, पाहायला गेलो तर तिच्यावर पिवळा रंग. नखानं खरवडलं तेव्हा दिसलं, ३००० किलो, पण लोड सेंटर ५०० मिलीमीटर. म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या टाचेपासून (गाडीकडचं टोक, जिथं फोर्क वर वाकते) अर्ध्या मीटरवर असला तरच ३ टन. शीट लांबीनं घेतली की मध्य जाते १२२० वर, माझ्या हिशोबानं तिथं ही गाडी पावणेदोन टनापुढं पेलत नाही. तोच बंडल ८ फुटाच्या बाजूनं घेतला की ६१० वर येते, मग काही टेन्शन नाही. ऑफिसात फोन केला तर उत्तर काय, "साहेब ३ टनाची गाडी आहे, ३ टन उचलते." घ्या!

चौथ्या दिवशी दुसरे ऑपरेटर पाठवले, पिकल्या दाढीचे चाचा. माल फोर्कच्या टाचेला टेकवायचा, मास्ट (फोर्क वर-खाली होतात तो उभा खांब) मागं झुकवायचा, आणि भरल्या गाडीनं रॅम्प उतरायचा तर रिव्हर्समधेच, माल चढाकडे. पोट्ट्यांना फरशीवर खडूनं त्रिकोण काढून दाखवला, पुढची दोन चाकं न् मागच्या एक्सलचा मध्य, चार चाकं दिसतात पण तोल तिवईसारखा तीनच पायांवर. माल वर धरून वळवली की वजन त्रिकोणाबाहेर न् गाडी आडवी. बेल्ट लावल्याशिवाय चाचा चावी फिरवत नाहीत, म्हणे उलटली तर उडी मारणाराच गाडीच्या छपराखाली सापडते.

पहिल्याला १, चाचांना ५, म्हणून ३. पुढच्या वेळी चाचाच पाठवा भाऊ, आणि त्या प्लेटवरचा रंग काढा, सध्या तिच्यावर मी खरवडलं तेवढंच दिसून राहिलं.