शिल्पकाराचं स्मृतिपदक: ओतीव घ्यावं की ठशाचं?

एकाच शिल्पकाराच्या सन्मानार्थ काढलेली दोन ब्राँझ पदकं समोर आहेत. एक साच्यात ओतलेलं, दुसरं टाकसाळीत पोलादी ठशांमध्ये दाबून काढलेलं. माझा कल आधीच सांगून टाकतो: शिल्पकाराचं पदक असेल, तर ओतीव. मात्र ते घेताना फसायची शक्यताही जास्त.

ठशाच्या पदकासाठी कलाकार बहुधा ताटाएवढ्या आकारात नमुना घडवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या जानव्हिए यंत्रासारखी यंत्रं तो लहान करून पोलादात कोरतात. बोटाचा दाब, कोरणीची रेघ सगळं त्याच प्रमाणात आक्रसतं. पदक रेखीव निघतं, अक्षरं धारदार येतात, पण हाताची खूण जवळपास पुसली जाते. ब्राँझ दाबाखाली कडक होत जात असल्यामुळे खोल उठावासाठी, म्हणजे पृष्ठभागातून ठळक वर आलेल्या आकृतीसाठी, ते पुन्हा पुन्हा तापवून नरम करत दाबावं लागतं. साहजिकच बऱ्याच टाकसाळी उठाव बेताचाच ठेवतात.

ओतीव पदकाचा नमुना पुष्कळदा प्रत्यक्ष मापातच घडवलेला असतो. पिसानेल्लो या इटालियन चित्रकाराने १४३८-३९च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठवा जॉन याचं पदक केलं, तेही ओतीवच होतं. अशा पदकावर गालाचा उंचवटा बोटाला लागतो, पार्श्वभूमी किंचित खडबडीत राहते, क्वचित बारीक छिद्रंही दिसतात. ज्याचं आयुष्य माती आणि मेण हाताळण्यात गेलं, त्याचा चेहरा असाच शोभतो, असं मला वाटतं.

आता अडचण. ओतीव पदकावरून नवा साचा घेऊन दुसरं ओतणं सोपं असतं. दावीद दांजे या फ्रेंच शिल्पकाराने समकालीनांची पाचशेहून अधिक ब्राँझ पदकं केली. त्यांची मागाहून ओतलेली पदकंही बाजारात फिरतात. मापपट्टी इथे उपयोगी पडते: ब्राँझ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, म्हणून १०० मिमीच्या पदकावरून काढलेली प्रत दीडेक मिमी लहान भरते. केस आणि अक्षरांच्या कडाही साबण वितळल्यासारख्या बोथट होतात. मूळ प्रतीचं नेमकं माप कुठे नोंदलेलं नसेल, तर ओतीव पदकाला जास्त पैसे मोजू नका.

ठशाच्या पदकाची ओळख पटवणं त्या मानाने सोपं. पॅरिसच्या टाकसाळीने १८८०पासून ब्राँझ पदकांच्या कडेवर समृद्धिशृंगाची (फळाफुलांनी भरलेल्या शिंगाची) खूण मारली आहे. पदकावर १८५० साल आणि कडेवर ही खूण असेल, तर ते जुन्या ठशांवरून नंतर काढलेलं आहे. खोटं नव्हे, पण त्या काळचंही नव्हे. विक्रेते दोन्ही बाजूंचे फोटो देतात, कडेचा मात्र मागून घ्यावा लागतो.

मागची बाजू बारकाईने पाहा, कारण तिथे माझाही कल बदलू शकतो. शिल्पकाराने घडवलेला अख्खा पुतळा चपटा करून बसवलेला असेल, तर पदक ओतीव असूनही मन रमत नाही. चारही बाजूंनी पाहायची वस्तू एकाच बाजूने उरते. त्याऐवजी एखादा हात, मानेचं वळण किंवा नुसती अवजारं घेतलेली असतील, तर ठशाचं पदकही मी आनंदाने घेईन.

रंगाबद्दल थोडक्यात: तपकिरी झाक असमान असली तरी चालते, पण पॉलिश करून चकचकीत केलेलं पदक सोडून द्या. भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके दिसले तर दोन्ही प्रकारांत नकारच. तो क्लोराइडमुळे होणारा गंज असतो आणि आत पसरत जातो.

पहिलंच पदक घेत असाल आणि कुणा जाणकाराला दाखवायची सोय नसेल, तर खात्रीच्या टाकसाळीचं, कडेवर खूण असलेलं पदक घ्या. चारदोन अस्सल ओतीव पदकं संग्रहालयात नीट पाहून झाली की मग ओतीवकडे वळा.