शिंगं बदलली गेली आणि आम्हाला वर्षभर कळलंच नाही

आजोबांच्या शिकारीतलं हरणाचं मुंडकं आमच्या घरात साठ वर्षांहून जास्त काळ भिंतीवर होतं. शिकारीचं मला कौतुक नाही, आजोबांनीही पुढे बंदूक कायमची बाजूला ठेवली होती. पण त्या मुंडक्याखाली आमच्या तीन पिढ्या वाढल्या. डाव्या शिंगाच्या खालच्या फाट्याला नखाएवढी एक खाच होती. लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून आम्ही त्या खाचेत बोट घालायचो. इतकी बोटं लागली होती की तिच्या कडा गुळगुळीत आणि काळपट झाल्या होत्या.

ती शिंगं आता आमच्याकडे नाहीत. त्यांची हुबेहूब नक्कल आहे, रेझिनमध्ये ओतलेली. हे सगळं लिहितोय ते एवढ्यासाठी की आमची फसवणूक कारखान्यात झाली नाही. ट्रॉफी, म्हणजे शिकारीची आठवण म्हणून जपलेलं असं मुंडकं, कुठल्या पद्धतीनं बसवायची हे ठरवायला आम्ही समोरासमोर बसलो, तिथेच ती झाली. जुनी ट्रॉफी पुन्हा बसवून घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर त्यानं हा भाग नीट वाचावा.

मुंडक्याची अवस्था वाईट होती. कान तडकले होते, ओठांचं कातडं आकसून मागे गेलं होतं, मानेवर केस झडून टक्कल पडलं होतं आणि खाली जमिनीवर रोज बारीक भुसा सापडायचा. म्हणजे कसर लागली होती. माझ्या मनात एक साधा पर्याय होता. कातडं काढून टाकायचं आणि शिंगं खालच्या हाडासकट एका लाकडी ढालीवर बसवायची. जुन्या मुंडक्यात सहसा आख्खी कवटी नसतेच. शिंगांखालचा कवटीचा तुकडा करवतीनं कापून आतल्या सांगाड्यावर स्क्रूनं आवळलेला असतो. तेवढा तुकडा स्वच्छ केला की काम झालं. हाडाला कसर लागत नाही, जागा कमी लागते, पुसायला सोपं.

अशी मुंडकी बसवणारे एक कारागीर घरी आले, वयानं मोठे, बोलायला अतिशय मऊ. मुंडक्याला हात लावायच्या आधी त्यांनी हातमोजे घातले आणि म्हणाले, "याला उघड्या हातानं शिवत जाऊ नका. जुन्या कातड्यात आर्सेनिक असतं."

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. अठराव्या शतकात बेकूर नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्यानं आर्सेनिकचा साबण तयार केला. कातड्याच्या आतल्या बाजूला तो चोळला की किडे लागत नाहीत, म्हणून पुढे विसाव्या शतकातही तो सर्रास वापरला गेला. जुनं मुंडकं झटकू नये, घरच्या साध्या व्हॅक्युमनं ओढू नये, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये, हे सगळं बरोबरच आहे. त्यांनी ते अगदी नीट समजावून सांगितलं. आई घाबरली. आणि एवढी माहिती असलेला माणूस पुढे सांगेल तेही खरंच असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

पुढचं मात्र खरं नव्हतं. ढालीवर बसवायचा माझा विचार मी सांगितला तर म्हणाले, "नुसती शिंगं लावली तर हाड पिवळं पडतं, पावसाळ्यात वास येतो. शिवाय आजोबांची आठवण आहे, चेहरा नको का?" नीट स्वच्छ केलेल्या, चरबी काढलेल्या हाडाला वास येत नाही. पिवळेपणा येतो तो चरबी राहिली तर, आणि तो काढताही येतो. (ब्लीच मात्र कधीच वापरायचं नाही, त्यानं हाड ठिसूळ होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात.) तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. चेहऱ्याचं नाव काढल्यावर काकांचे डोळे भरून आले आणि विषय संपला. नवं कातडं चढवून पूर्ण मुंडकं करायचं ठरलं.

आता मागे वळून पाहिलं की त्यांचा आग्रह कशासाठी होता ते कळतं. ढालीवरच्या शिंगांत शिंग आणि हाड जिथे जुळतं ती जागा उघडी दिसते. आमच्यासारख्या फाटे असलेल्या हरणाचं शिंग म्हणजे भरीव हाड, ते थेट कवटीच्या हाडातून उगवतं. तो जोड खोटा करणं फार अवघड आहे. पूर्ण मुंडक्यात मात्र तीच जागा कातड्याखाली जाते. काळवीट, बकरा यांच्यासारख्या पोकळ शिंगांच्या जनावरांत तर आणखी सोपं, कारण ते शिंग आतल्या हाडाच्या गाभ्यावरून म्यानासारखं निघून येतं.

काम आठ महिने चाललं. यातही संशय घेण्यासारखं काही नाही, कातडं कमावणं, साच्यावर ताणणं, सावकाश वाळू देणं याला वेळ लागतोच. मुंडकं आलं तेव्हा देखणं होतं. काचेचे डोळे जिवंत वाटत होते. काकांनी आधी काय केलं असेल, तर खाचेत बोट घातलं. खाच होती! तिथेच आमची सगळ्यांची खात्री पटली. साच्यातून ओतलेल्या नकलेत ओरखडा न ओरखडा उतरतो, हे आमच्या गावीही नव्हतं.

एक खूण त्याच दिवशी मिळाली होती, ती मी सोडली. पूर्वी ते मुंडकं उतरवायला दोन माणसं लागायची. आता मी एकट्यानं उचललं. विचारलं तर म्हणाले, "आत आता फोमचा साचा आहे." फोमचा साचा हलका असतो हे खरंच. पण वजनातला सगळा फरक त्यानं भरून निघत नव्हता, आणि आधीचं वजन आम्ही कधी केलेलंच नव्हतं.

वर्षभरानं मी ओलसर कापूस घेऊन शिंगं पुसत होतो. कापसाला तपकिरी रंग लागला. मळ असेल म्हणून पुन्हा पुसलं, तर फाट्याच्या टोकाजवळ खालून एकसारखा, मेणासारखा पिवळट रंग दिसायला लागला. भिंग आणलं. शिंगाच्या मागच्या बाजूनं केसाएवढी एक सरळ रेघ बुडापासून टोकापर्यंत गेली होती आणि ती आमच्या खाचेच्या मधोमध जात होती. हाडाला अशी रेघ नसते. ती साच्याच्या दोन भागांची सांध होती. खाचेच्या आत सुईच्या टोकाएवढे दोन हवेचे बुडबुडे होते. एवढ्या वर्षांच्या बोटांचा काळपटपणा ब्रशनं रंगवलेला होता.

दुसऱ्या एका जाणकाराला बोलावलं. त्यांनी बुडाशी, दिसणार नाही अशा जागी तापवलेली सुई टेकवली. प्लास्टिक जळाल्याचा वास आला. खरं हाड असतं तर केस जळाल्यासारखा आला असता. मग त्यांनी शिंगांच्या मागची शिवण तीन टाके उसवली आणि बॅटरी माझ्या हातात दिली. आत कवटीचं हाड नव्हतं. दोन बोल्ट होते, वर नट आवळलेले.

पहिल्या कारागिरांकडे गेलो. आवाज न चढवता त्यांनी पावती समोर ठेवली: "हरणाचे मुंडके, एक नग, दुरुस्ती." म्हणाले, "जे दिलंत तेच परत दिलंय." ती शिंगं खरी होती हे आम्ही कशावरून सिद्ध करणार? आजोबांचा शिकारीचा परवाना आणि मालकीचे कागद आहेत, पण त्यावर शिंगांचं माप नाही. एकच फोटो आहे, आत्याच्या लग्नातला, त्यात शिंगं अर्धी कापली गेली आहेत. तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे.

म्हणून सांगतो, ट्रॉफी घराबाहेर जाण्याआधी एक संध्याकाळ तिच्यासाठी काढा. काट्यावर वजन करा. प्रत्येक फाट्याची लांबी आणि बुडाचा घेर टेपनं मोजा. शिंगांचे मागून, बुडातून, टोकाजवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. शक्य असेल तर एक्स-रे काढून घ्या, खऱ्या शिंगाच्या आतला सच्छिद्र गाभा त्यात दिसतो. पावतीवर "मूळ शिंगे, मूळ कवटीच्या हाडासह" हे शब्द आणि मापं लिहून सही घ्या. पूर्ण मुंडकंच करायचं असेल, तर शिंगं साच्यावर बसवली की कातडं चढवण्याआधी स्वतः जाऊन पाहा. यातलं काही ऐकल्यावर कारागीर नाराज झाला, तर काम त्याला देऊ नका. आणि तुमच्या देशात अशा वस्तूला जे कागद लागतात ते आधी तपासा, कारण कागद नसलेला मालक तक्रार करायला जात नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

जागा निवडताना कारागिराच्या भरवशावर राहू नका. ऊन येणारी भिंत नको, त्यानं केसांचा रंग उडतो. चुलीच्या किंवा हीटरच्या वर नको, कोरड्या गरम हवेनं कान आणि नाक पहिल्यांदा तडकतात, आमचे तसेच तडकले होते. ओलीची भिंतही नको. खिळा प्लास्टरमध्ये नाही, आतल्या भक्कम बांधकामात जायला हवा.

नवं मुंडकं काकांनी पुन्हा वर लावू दिलं नाही. ते कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय, पुरावा म्हणून. भिंतीवर दोन मोठे खिळे तसेच आहेत आणि त्यांच्या खाली रंग न उडालेला एक गोल डाग.