मावशीला कुवेतला पाठवणारं कोल्हापुरातलं ऑफिस : १ स्टार

नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण बायकांना घरकामाला गल्फमध्ये पाठवणारी अशी ऑफिसं अजून असणार म्हणून लिहितेय. ऑफिस एकदम चकाचक, गेल्या गेल्या चहा, बोलणं गोड. पासपोर्टचं काम पण पटकन करून दिलं, खरं ते सांगायला पाहिजे.

माझी मावशी ४६ वर्षांची, सातवी शिकलेली, राजारामपुरीत तीन घरी स्वयंपाकाला जायची. तिला सांगितलं हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम आहे, ८ तास ड्युटी, शुक्रवारी सुट्टी. ८५ हजार मागितले, तिनं गुजरीत साज गहाण टाकून भरले. पावती मागितली तर म्हणाले "मावशी, आमच्यावर विश्वास नाही काय?" आणि ती बिचारी गप्प बसली, तिला वाटलं आपलंच चुकलं.

मुंबईहून विझिट व्हिसावर दुबईला नेलं, तिथनं कुवेत. तिथं गेल्यावर कळलं व्हिसा २० नंबरचा आहे. १८ नंबर कंपनीचा आणि २० नंबर घरकामाचा, तिकडं राहून आलेल्या कुणालाही विचारा. २० नंबर म्हणजे तुम्ही त्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा काढणाऱ्या घरमालकाच्या नावावर, न विचारता घर सोडलं की पळून गेल्याची केस तुमच्यावरच.

तीन मजली घर, नऊ माणसं, पहाटे ५ पासून रात्री १२ पर्यंत काम. पासपोर्ट मॅडमच्या कपाटात, फोन आठवड्यातनं एकदा दहा मिनिटं. एकदा रात्री बाथरूममधनं हळू आवाजात बोलत होती, मागं नळ सोडलेला, "पोरी, हितं मला खोली न्हाई गं, धुण्याच्या मशीनपाशी झोपते." परत आली तेव्हा क्लोरीननं बोटांची सालं निघालेली, भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं.

ऑफिसला फोन केला की एकच, "मारहाण झाली नाही ना, मग ॲडजस्ट करायला सांगा." मारलं नाही म्हणजे सगळं बरोबर असं कसं काय? नंतर माझा नंबरच ब्लॉक केला. शेवटी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली आणि मावशी एक दिवस कचरा टाकायला म्हणून बाहेर पडली ती टॅक्सीनं थेट भारतीय दूतावासात गेली. तिथं अशा बायकांसाठी शेल्टर आहे, सात आठवडे राहिली, मग घरी आली. तीन महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच.

हे सगळं झाल्यावर मी शोधायला लागले आणि डोकंच फिरलं. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे गल्फसारख्या ठिकाणी कामाला जायचं तर आधी सरकारी क्लिअरन्स लागतो, आणि असा पासपोर्ट असलेल्या बाईला गल्फमध्ये घरकामाला पाठवायचं तर २०१६ पासून ते ठरलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होतं, प्रायव्हेट ऑफिसला ते करताच येत नाही. म्हणूनच तो विझिट व्हिसा, फिरायला चालल्याचं दाखवायचं म्हणजे क्लिअरन्सचा प्रश्नच नाही! रजिस्टर्ड एजंटला सुद्धा ३० हजार आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. आणि सरकारी क्लिअरन्स न घेता गेल्यामुळं प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखाचा विमा पण नव्हता, म्हणजे तिकडं काही झालं असतं तर आमच्या हातात काहीच नाही.

कुवेतमध्ये कायदा नाही असं पण नाही. घरकामगारांसाठी २०१५ चा ६८ नंबरचा कायदा आहे, दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला एक सुट्टी, आणि मालकानं पासपोर्ट स्वतःकडं ठेवायचा नाही. ऑफिसवाल्यांनी यातला एक शब्द तरी मावशीला मराठीत सांगितला असता तर तिनं निदान पासपोर्ट मागितला असता. सही घेतली तो कागद अरबीत होता.

कुणाच्या घरातलं माणूस निघालं असेल तर पैसे द्यायच्या आधी त्यांच्यासमोरच रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर टाकून बघा. विझिट व्हिसा म्हणाले की उठून या.

आमचे ८५ हजार मागायला मी चार वेळा गेले, चारी वेळा साहेब मीटिंगमध्ये. साज अजून गुजरीतच आहे, महिन्याच्या महिन्याला व्याज भरतोय.