चार बाय चारचा कापडी वाफा: संचातलं काय वापरावं, काय बाजूला ठेवावं

घरी भाजी लावणाऱ्यांसाठी मिळणारे तयार संच बहुतेक एकाच साच्यातले असतात. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि एक फूट उंच असा कापडी वाफा, त्यावर अंथरायला भोकं पाडलेला काळा वीड मॅट (तण अडवायचं कापड), पाण्यासाठी बारीक नळी आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, काही विटा. खोक्यावर ‘तण नाही, खुरपणी नाही’ हे हमखास छापलेलं. निकाल आधीच सांगायचा तर वाफा पैसे वसूल करतो, नळी बदलावी लागते, विटा अजिबात पुरत नाहीत आणि मॅट नको तिथे अंथरायला सांगितलेला असतो. अशा वाफ्यात तण कमी येतं हे खरं आहे, पण ते मॅटमुळे नाही. वाफ्यात काय भरलं आणि कुठल्या थरात भरलं, यावर ते ठरतं.

वाफ्याचं कापड दोन प्रकारचं मिळतं. विणलेल्या एचडीपीईचं, म्हणजे मजबूत प्लास्टिकचं, कापड घट्ट असतं. ते हवा खेळू देत नाही आणि पाणी फक्त खालच्या आयलेटमधून, म्हणजे निचऱ्याच्या कडीदार भोकांतून, बाहेर सोडतं. न विणलेलं, फेल्टसारखं जिओ-फॅब्रिक सगळ्या बाजूंनी श्वास घेतं. मुळं कडेला पोचली की हवेने त्यांची टोकं सुकतात आणि आत नवे फाटे फुटतात. ऐकायला हे छान वाटतं, पण कोरड्या हवेत फेल्टच्या कडेची चार-सहा इंच माती सतत सुकते आणि बाहेरून क्षारांचा पांढरा थर धरतो. रोज पाणी घालणं जमणार नसेल तर एचडीपीई घ्यावं. जाडी २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) खाली नको आणि ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असा उल्लेख हवाच. शिवणीचा दोरासुद्धा उन्हाला टिकणारा आहे का, ते विचारावं. कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, हा या वाफ्यांचा नेहमीचा शेवट. दुसरी कमजोर जागा वरची दुमडलेली कड. तिथे ऊन थेट लागतं, विणीच्या पट्ट्या तडकतात आणि बोटाने घासलं की भुगा निघतो. भुगा निघायला लागला की वाफा बदलावा. त्या प्लास्टिकच्या कुसळ्या मातीत मिसळल्या तर वेचून काढणं अशक्य.

चार फुटी वाफ्याला मधे आडवी-उभी कापडी भिंत किंवा कडेच्या नेफ्यात पाइप घालायची सोय नसेल तर तो घेऊच नये. ओली माती बाजूंना ढकलते, वाफ्याचं पोट सुटतं, मधली पातळी खाली जाते आणि पाणी तिथेच साचतं. रुंदीचा हिशेब हाताच्या पल्ल्यावर करायचा: दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर चार फूट, भिंतीला लागून असेल तर दोनच. पाय आत ठेवावा लागला की माती दबली आणि वाफा करण्याचा निम्मा फायदा गेला.

गच्चीवर ठेवणाऱ्यांनी वजनाचं गणित करूनच खरेदी करावी. चार बाय चार बाय एक फूट म्हणजे १६ घनफूट, साधारण ४५० लिटर. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट सारख्या भागांनी भरून पाणी दिलं की वजन पाचशे किलोच्या आसपास जातं, तेही जेमतेम दीड चौरस मीटरवर. वापरातल्या गच्चीचा स्लॅब बऱ्याचदा चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून बांधलेला असतो. म्हणून गच्चीवर माती टाळावी, कोकोपीट आणि कंपोस्टचं मिश्रण आठ इंचांपर्यंतच भरावं, वाफे बीमच्या किंवा भिंतीच्या रेषेत ठेवावेत आणि अंतिम शब्द इंजिनिअरचा मानावा. वाफ्याखाली दोन-तीन इंच उंचीचं जाळीदार स्टँड हवं, नाहीतर निचऱ्याची भोकं स्लॅबला चिकटून बंद होतात.

आता मॅट. संचातला मॅट विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि तो मातीवर पसरून भोकांत रोपं लावायची, अशी सूचना असते. पहिल्या हंगामात चित्र सुंदर दिसतं. मग मॅटवर धूळ, पालापाचोळा, खताचे कण साठतात, वाऱ्याने बी येतं आणि मॅटच्या वरच तण रुजतं. त्याची मुळं विणीतून खाली शिरतात. उपटायला जावं तर मॅट वर उचलला जातो आणि भाजीची रोपं हलतात. भोकात, म्हणजे रोपाच्या अगदी बुंध्याशी येणारं तण तर मॅट अडवूच शकत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. शिवाय गाजर, मुळा, पालक यांचं बी ओळीत पेरायचं असतं, तिथे भोकांचा काही उपयोग नाही. कडक उन्हात काळा मॅट इतका तापतो की कोवळ्या रोपाचा देठ भोकाच्या कडेला टेकला तरी करपतो. वरून कंपोस्टची भर घालायची म्हटली तर दरवेळी मॅट काढा, पुन्हा घाला.

टोमॅटो, वांगी, मिरची अशी तीन-चार महिने एकाच जागी उभी राहणारी पिकं तेवढी याला चालतात. भोकं कापल्यावर कापलेली कड आच दाखवून वितळवून घ्यावी, नाहीतर धागे सुटत जातात. पण मॅटची खरी जागा वाफ्याच्या बाहेर आहे. वाफा जमिनीवर असेल तर चारही बाजूंना दीड ते दोन फूट रुंद पट्टा अंथरून खिळ्यांनी पक्का करावा. हरळी कडेनेच सरपटत येते आणि भिंतीवरून आत उतरते. तिला हा पट्टा रोखतो, निदान ती येताना दिसते तरी. लव्हाळ्यासाठी मात्र या पट्ट्यावर विसंबू नये. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पातळ मल्चिंग पेपर सहज फोडतो आणि आयलेटमधून वाफ्यातही शिरतो. जागेवर लव्हाळा असेल तर वाफा स्टँडवर उचलून ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

भराईबद्दल खोक्यावर दोन ओळीही नसतात, आणि सगळी गोम तिथेच आहे. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून ८-९ लिटर होते. अशा चार विटा म्हणजे ३५ लिटर. वाफ्याला त्याच्या तेरापट माल लागतो. पाच किलोचे ठोकळे वेगळे घ्यावेत, एकातून साधारण ६० ते ७० लिटर निघतं. धुतलेलं, कमी क्षाराचं कोकोपीट मागावं. खात्री नसेल तर भिजवून निथळायला ठेवावं आणि हे दोन-तीनदा करावं. न धुतलेल्यात सोडियम आणि पोटॅशियम जास्त असतं, कॅल्शियम अडकून बसतं, आणि टोमॅटोचं बूड काळं पडायला लागलं की लोक बुरशीनाशक शोधत फिरतात.

तणाचं बी येतं ते मुख्यतः मातीतून आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. बारीक बियांची बहुतेक वार्षिक तणं, घोळ त्यातलीच, वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधूनच उगवतात. त्याखाली दबलेलं बी रुजत नाही किंवा रुजलं तरी वर पोचत नाही. म्हणून सगळं एकत्र कालवून भरू नये. जमिनीवरच्या वाफ्यात खालचे आठ-नऊ इंच माती, कंपोस्ट आणि कोकोपीटच्या मिश्रणाचे. माती जाड चाळणीतून काढून लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या वेचलेल्या, कारण या दोन्ही खोलातूनही वर येतात. त्यावर दोन ते तीन इंच मातीविरहित थर: निम्मं कोकोपीट, निम्मं नीट तापलेलं कंपोस्ट. चार बाय चारला हा थर ७५ ते ११० लिटर लागतो. ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकलं आणि ढीग उलटून बाहेरचा भाग आत गेला, तर बहुतेक बी मरतं. विकतच्या कंपोस्टची परीक्षा घरीच होते. त्यात घेवड्याचे पाच-सहा दाणे लावून तीन आठवडे बघायचं. उगवलेलं तण मोजता येतं, आणि घेवड्याची नवी पानं चमच्यासारखी वळली तर चाऱ्यावरच्या तणनाशकाचा अंश खतात उतरलाय असं समजून ते परत करावं.

वाफा भरला की लगेच लावणी नको. भरपूर पाणी द्यावं, वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निथळून माती मोकळी झाल्यावर, आठ-दहा दिवस तसाच ओलसर ठेवावा. जे उगवायचं ते उगवतं. दोन पानांवर असताना खुरप्याच्या धारेने जेमतेम एक सेंटिमीटर खोलीवर कापून घ्यावं. खोल खणलं की खालचं बी वर आलं, मेहनत पाण्यात. हेच आणखी एकदा करून मग पेरणी. पुढेही वाफा उकरायचा नाही. पीक काढताना बुंधा कापावा, मुळं आत कुजू द्यावीत.

लावणी दाट हवी, कारण जमीन पानांनी झाकली की तणाला उजेड मिळत नाही. एका चौरस फुटात मुळा किंवा गाजर १६, पालक किंवा बुटका घेवडा ९, लेट्यूस ४, मिरची किंवा वांगं १. टोमॅटोला दोन चौकोन द्यावेत. एकातही बसतो, पण हवा खेळत नाही आणि करपा येतो. आधाराच्या काठ्या वाफ्याच्या कापडाला बांधू नयेत, स्वतंत्र चौकट बाहेर रोवावी. रोपं चार-पाच पानांची झाली आणि विरळणी उरकली की ओळींमधे वाळक्या पानांचं किंवा पेंढ्याचं दोन इंच आच्छादन घालावं, बुंध्यापासून थोडं लांब. पेंढ्यात कणसं राहिलेली नाहीत हे पाहावं, नाहीतर तण विकत आणल्यासारखं होतं.

नळीबद्दल थोडक्यात. संचातली नळी नुसती टोचलेली असते, त्यामुळे नळाजवळ पूर आणि टोकाला कोरड. ताशी दोन लिटरचे ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या) एक फुटावर असलेल्या चार ओळी टाकल्या तर १६ ड्रिपरमधून तासाला ३२ लिटर मिळतं. कडक उन्हात एवढ्या वाफ्याला दिवसाला आठ-नऊ लिटर लागतात, म्हणजे पंधरा ते सतरा मिनिटं. नळीच्या सुरुवातीला १२० मेशची (बारीक जाळीची) गाळणी बसवावी आणि टोकाचं बूच महिन्यातून एकदा काढून नळी धुवावी. दोन ड्रिपरमधला पृष्ठभाग कोरडा राहतो, तिथलं तणाचं बी झोपूनच राहतं. मात्र गाजराचं बी पेरल्यावर उगवेपर्यंत झारीनेच पाणी द्यावं लागतं. ठिबकवर सोडलं तर अर्धी ओळ रिकामी राहते.

म्हणून संच घेण्यापेक्षा चांगल्या कापडाचा वाफा, ड्रिपरवाली नळी (लॅटरल) आणि कोकोपीटचे मोठे ठोकळे सुटे घेतलेले बरे. संचच घ्यायचा असेल तर कापडाचं जीएसएम बघून घ्यावा, बाकीच्या वस्तू फुकट आल्या असं धरावं. पहिल्या हंगामात भराई दोन इंचांनी तरी खाली बसते. त्यावर तसंच तापलेलं कंपोस्ट एक इंच, म्हणजे ३५ ते ४० लिटर, नुसतं पसरावं आणि उरलेली उंची कोकोपीटने भरून काढावी. बागेतली माती वरून टाकली तर पहिल्या पाण्यालाच घोळ आणि केना हजर होतात.