इसबगोल की गव्हाचा कोंडा?

पोटात मुरडा, गुबारा, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), म्हणजे आतडं हळवं होण्याचा विकार असलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो 'चोथा खा' असा. पण कुठला चोथा?

कोंडा स्वस्त, घरातच चाळणीत उरणारा. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, खरखरीतच पुढे सरकतो. निरोगी माणसाला चालतो. हळव्या आतड्याला मात्र अनेकदा टोचतो. शिवाय गव्हातल्या फ्रुक्टॅन या नीट न पचणाऱ्या कर्बोदकामुळे गॅस वाढतो. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोंड्याच्या गटातले बरेच जण त्रास वाढला म्हणून मधेच बाहेर पडले. इसबगोलाने मात्र आराम दिला.

चमचाभर इसबगोल पेल्यात टाकून पाच मिनिटं ठेवून पाहा: पाणी दाटून बुळबुळीत होतं. पोटातही तेच होतं. त्यामुळे कडक मल मऊ होतो आणि पातळ मल बांधला जातो. म्हणून दोन्ही तक्रारींत माझं मत इसबगोलालाच.

सुरुवात अर्ध्या चमच्याने करा, आठवड्याने वाढवा. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या. कोरडं तोंडात टाकलं तर घशात अडकतं. इतर औषधं दोन तासांच्या अंतराने घ्या. पोळी अगदी सोडायची गरज नाही, वरून कोंडा घालणं तेवढं थांबवा.

शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर आधी डॉक्टर गाठा.